ढब्बूची उचकी

आमच्या आत्या म्हणजे खरं तर माझ्या नवऱ्याच्या आत्या. पण लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा नवरा, मागच्या दोन खोल्या, रस्त्यालगतची पुढची खोली, तिथले टाइपरायटर आणि आत्या असं सगळं एकगठ्ठा पदरात पडलं, निवडायला मिळालं नाही. पुढच्या खोलीत त्यांचा टायपिंगचा क्लास आहे. एके काळी तिथे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज चालायचा म्हणे. आता विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके उरलेत, पण आत्यांचा दरारा पूर्वीएवढाच आहे. गल्लीतली मुलं त्यांना टकटकबाई म्हणतात. हे त्यांच्या कानावर आलेलं आहे. "खोटं काय आहे त्यात?" एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांनी लग्न केलं नाही. का, ते मी एकदा धीर करून विचारलं. म्हणाल्या, "एकाशी जमत आलं होतं. पण तो बोलताना मधेच थांबायचा. वाक्य पुरं म्हणून करायचा नाही. मी किती वाट बघणार?" मी जास्त वेळ थांबले तर माझाही निकाल लागेल म्हणून मी भांडी घासायला निघून गेले.

त्यांच्या क्लासात खोडरबर चालत नाही. पांढरा रंग लावून चूक झाकणं तर त्यांच्या लेखी चोरीच. अक्षर चुकलं की कागद ओढून काढायचा आणि नवा घालायचा, मग तुम्ही पहिल्या ओळीत असा नाही तर शेवटच्या. "नवा कागद," एवढे दोनच शब्द, आणि ते म्हणताना त्या मानही वर करत नाहीत. एका उमेदवाराचा नोकरीचा अर्ज त्यांनी सहीच्या वरच्याच ओळीतल्या चुकीसाठी पुन्हा टाइप करायला लावला. तोवर त्या कचेरीची खिडकी बंद झाली. पुढे त्याला दुसरीकडे चांगली नोकरी लागली. आजही आत्या दिसल्या की तो वाकून नमस्कार करतो, पण रस्त्याच्या पलीकडूनच.

दुसरा नियम याहून कडक. दुसऱ्याच्या कागदावर आपलं बोट उमटवायचं नाही. शेजारचा पाणी प्यायला उठला आणि गंमत म्हणून तुम्ही त्याच्या कागदावर एक अक्षर मारलंत, तर तुमचा क्लास त्या दिवशी संपला. या दोन नियमांवर आत्यांचं आयुष्य चाललं आणि या दोन नियमांनीच त्यांना खड्ड्यात घातलं, त्याची ही हकिकत.

माझी लेक तिसरीत आहे. तिला आत्याआजी टायपिंग शिकवते. शिकवते म्हणजे, लेक काही ओळी मारते, मग चुकते, मग "नवा कागद." तिचा एकही कागद कधी तळापर्यंत पोचलेला नव्हता. मी एकदा म्हटलं, "अहो आत्या, लहान आहे ती." तर म्हणाल्या, "बोटं लहान आहेत. नियम लहान नाहीत." तरी दोघींचं गूळपीठ असं, की मला न सांगितलेल्या गोष्टी लेक आधी त्यांना सांगते. मी त्या नंतर दाराआडून ऐकते.

लेकीकडे एक हातात धरून खेळायचा गेम आहे. वरच्या मजल्यावरच्या ताईने कॉलेजात गेल्यावर तो हिला देऊन टाकला. आत्या त्याला डबी म्हणतात, म्हणून आता आम्ही सगळेच डबी म्हणतो. डबीत एकच खेळ आहे. रानातून, तळ्याकाठून, पडक्या घरांतून हिंडायचं. वाटेत चित्रविचित्र प्राणी भेटतात. ते सारखे गुणगुणत असतात म्हणून लेक त्यांना गुणगुणे म्हणते. गुणगुण्या भेटला की त्याच्याशी जुगलबंदी. गाणं सुरू होतं, वरून बाण सरकत खाली येतात आणि बाण रेघेला टेकला की नेमकं तेव्हाच बटण दाबायचं. ठेका साधला तर समोरचा आधी पाय आपटतो, मग डुलायला लागतो, आणि पुरता नाचायला लागला की भांडण विसरून तुमच्या बाजूला येऊन बसतो. मग त्याला नाव द्यायचं आणि बरोबर घेऊन पुढे निघायचं. मला हे फार पटलं. सासरची माणसं एवढ्यावर वळली असती तर माझी पहिली काही वर्षं बरीच सोपी गेली असती.

लेकीचा सगळ्यात लाडका गुणगुण्या म्हणजे ढब्बू. गोल, निळसर, लोंबत्या कानांचा, आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी आत्ताच झोपेतून उठवल्याचा भाव. या खेळातली गोम अशी, की गुणगुण्या तुमच्याबरोबर खेळता खेळता तुमची ढब उचलतो. माझी लेक तिसऱ्या ठोक्याला नेहमी जराशी उशिरा पोचते. शाळेतही तिचं तसंच आहे. तर ढब्बूही गुणगुणताना तिसऱ्या ठोक्याला अडखळायचा आणि मग घाईघाईने पुढचा सूर गाठायचा, उचकी लागल्यासारखा. असा ढब्बू जगात दुसऱ्या कुणाकडे नाही, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. तापात होती तेव्हा डबी उशाशी ठेवून त्याची उचकी ऐकत झोपायची.

मग शाळेचं शिबिर निघालं आणि तिथे असली खेळणी न्यायला बंदी. गुणगुण्यांना रोज थोपटावं लागतं, नाहीतर ते रुसून पाठ फिरवतात. हे काम कुणावर सोपवायचं, यावर लेकीने बराच विचार केला. बाबा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या हातात काही दिलं की तो ते उघडून बघतो. मी दातांच्या दवाखान्यात फोन घेते, पेशंटना आत सोडते आणि घरी येईपर्यंत निम्मं जग विसरलेली असते. लेकीने डबी आत्यांच्या हातात ठेवली.

"आत्याआजी, तूच सांभाळ. तू चुकत नाहीस."

आत्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

पहिल्या दिवशी त्यांनी डोळ्यात तेल घालून काम केलं. डबी सुरू केली, शिकवल्याप्रमाणे "चालू ठेवा" दाबलं, ढब्बूला थोपटलं, डबी बंद केली. दुसऱ्या दिवशी थोपटून झाल्यावर त्यांच्या बोटांना खाज सुटली. समोर ठेका चाललाय आणि आपण हात बांधून बसलोय, हे या बाईला जन्मात जमलेलं नाही. एखादी जुगलबंदी आपण खेळून बघावी असं त्यांना वाटलं. पण डाव पडला लेकीचा. दुसऱ्याच्या कागदावर बोट उमटवायचं नाही. म्हणून त्यांनी डबी बंद करून पुन्हा सुरू केली आणि "चालू ठेवा"च्या खालचं "नवा खेळ" निवडलं. डबीने विचारलं, नक्की का? आता आत्यांना आयुष्यात कधी कशाची खात्री नव्हती? त्यांनी "हो" दाबलं.

मी दवाखान्यात असताना फोन आला.

"अगं, ढब्बू कुठे ठेवतात?"

"डबीत," मी म्हटलं.

"डबीत नाही."

"मग कपाटात बघा."

"कपाटात कसा असेल? तळ्याकाठचा प्राणी आहे तो."

समोर गाल धरून बसलेले एक गृहस्थ दुखणं विसरून माझ्याकडे बघायला लागले. मी आवाज खाली आणला. "आत्या, तुम्ही नक्की काय दाबलंत?"

पलीकडून काहीच आवाज नाही. टकटकबाई गप्प झाल्या म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे मला तिथेच कळलं.

संध्याकाळी वरच्या ताईला खाली बोलावलं. तिने डबी हातात घेतली आणि तिचा चेहरा पडला. "यात एकाच डावाची जागा असते, आजी. नवा सुरू केला की जुना पुसला जातो."

"पुसला म्हणजे? खाली कार्बन नसतो?"

"नाही."

"एवढी मोठी मशिनं बनवतात आणि प्रत ठेवत नाहीत?"

तेवढ्यात नवरा बारका स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. आम्ही तिघींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो आल्या पावली परत गेला. आत्या स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांचे हात मांडीवर स्वस्थ पडले होते. त्यांचे हात स्वस्थ पडलेले मी कधी पाहिले नव्हते. "माझ्या भरवशावर टाकून गेली होती गं पोर," त्या म्हणाल्या.

मार्ग ताईनेच काढला. ढब्बूच्या जातीचा गुणगुण्या तळ्याच्या पलीकडच्या वळणावर भेटतो, पण तिथवर पोचायला वाटेतले बरेच गुणगुणे नाचवावे लागतात. "नाचवते," आत्या म्हणाल्या. ठेका तर त्यांच्या हाडात मुरलेला. आम्हालाही वाटलं, चुटकीसरशी होईल.

कसचं काय. पहिल्याच वळणावरचा छत्रीएवढ्या टोपीचा एक किडकिडीत गुणगुण्या त्यांना हरवून खो खो हसत निघून गेला. आत्यांनी पुन्हा गाठला, तो पुन्हा हसला. आत्यांनी डबी टेबलावर आडवी ठेवली होती. पाठ ताठ, मनगटं वर, आणि सगळ्या बोटांनी बटणांवर मारा. वेग असा की बघणाऱ्याचे डोळे फिरावेत. एकही बाण सुटत नव्हता आणि तरी हार.

"आजी, बाण नसतो तिथेही तुम्ही दाबताय," ताई म्हणाली. "मधे रिकामी जागा आहे ना. तिथे गप्प बसायचं."

"गप्प बसून काय करायचं?"

"काही नाही."

"काही नाही कसं करतात?"

घोडं पेंड खात होतं ते इथे. बोट थबकलं की ते कच्चं, हे त्यांनी गल्लीतल्या दोन पिढ्यांना शिकवलेलं. थांबतो म्हणून एक चांगला माणूस घालवलेला. आणि आता त्या टोपीवाल्या टिकोजीपुढे सगळं अडलं होतं ते नेमकं थांबण्यावर.

दुसऱ्या दिवशी क्लास भरला, पण बाई कोपऱ्यात डबीपाशी. गाण्याचा ठेका खोलीभर घुमत होता. हळूहळू सगळी यंत्रं त्या ठेक्यावर चालायला लागली. एका मुलीने तर नोकरीचा राजीनामा, सरावाचा, डुलत डुलत टाइप केला. कुणी चुकलं तरी "नवा कागद" ऐकू येईना. त्यामुळे मुलं इतकी बावरली, की आपणहूनच कागद बदलायला लागली.

दुपारी वैतागून आत्यांनी डबी बाजूला सारली आणि बोटं मोकळी करायला त्या यंत्रावर बसल्या. मला त्या दिवशी सुट्टी होती. मी चहा घेऊन गेले, तर त्या रोलरवरच्या कागदाकडे टक लावून बसलेल्या. डोक्यात घोळणारं तेच गाणं बोटांतून कागदावर उतरलं होतं. ठोका होता तिथे अक्षर, आणि रिकाम्या जागी अंगठ्याने सोडलेली मोकळी जागा.

"अगं, मी थांबते की," त्या म्हणाल्या. "प्रत्येक शब्दानंतर थांबते. अंगठ्याला काम असतं म्हणून कधी कळलंच नाही."

मग अंगठ्याला काम शोधणं आलं. डबीच्या खालच्या कोपऱ्यात एक बारकं बटण आहे. जुगलबंदीत त्याचा काडीचा उपयोग नाही. दाबलं की डाव सुरू होतानाच मिळालेला आपला गुणगुण्या नुसती मान डोलावतो. त्याने ना गुण मिळतात ना जातात. आत्यांनी त्यालाच स्पेसबार करून टाकलं. जागा आली की अंगठा, आणि गुणगुण्याची मान. टोपीवाला आधी हसला, मग पाय आपटायला लागला, मग टोपीसकट नाचला. आत्यांनी त्याच्याकडे काम न जमणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं आणि पुढच्याला गाठलं. जेवणाची ताटं निवली. नवरा दोनदा "आत्या, जेवून घ्या" म्हणून आला आणि दोन्ही वेळा त्यांच्या मागे उभा राहून डुलून गेला.

लेक यायच्या दिवशी सकाळी तळ्याच्या पलीकडच्या वळणावर ढब्बू नाचला. तोच रंग, तेच कान, तोच झोपमोड झालेला चेहरा. आत्यांनी नावाच्या चौकटीत "ढब्बू" लिहिलं, आणि दिवसभर त्याच्याबरोबर खेळून त्याला लेकीच्या ढब्बूच्या पायरीला आणून ठेवलं.

"आता तिला सांगायची काय गरज?" मी म्हटलं. "हुबेहूब तसाच दिसतोय." नवऱ्यानेही मान डोलावली, ढब्बूसारखीच. आत्या "नाही" म्हणाल्या नाहीत, हे मी बघितलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांना कधी जमलं नव्हतं, आणि आज त्यांनी भांडं पदराआड धरलं होतं. खरं सांगू? इतक्या वर्षांत त्या मला एवढ्या आपल्या कधी वाटल्या नव्हत्या.

लेक आली ती बुटांसकट पुढच्या खोलीत. सॅक दारात टाकली. "सांभाळलंस ना?" म्हणत तिने डबी उघडली, ढब्बूला बघून हसली आणि त्याला कानाशी नेलं. ढब्बू गुणगुणला. पहिला ठोका, दुसरा, तिसरा, चौथा. स्वच्छ, सरळ, आखून दिल्यासारखे.

लेकीने डबी कानावरून काढली, बघितली, परत लावली.

"याची उचकी गेली."

"बरी झाली असेल," मी घाईने म्हटलं. "पाणी प्यायला असेल."

ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती आत्यांकडे बघत होती. आत्या उठून उभ्या राहिल्या, परीक्षेला बसलेलं पोर उभं राहतं तशा.

"तो तुझा ढब्बू नाही," त्या म्हणाल्या. "तुझा माझ्या हातून पुसला गेला. मला खेळायची हौस आली. तुझ्या डावाला हात लागू नये म्हणून मी नवा घेतला, तर तुझाच गेला. हा मी दुसरा मिळवून आणला. तुला सांगणार नव्हते."

लेक डबी घेऊन शेवटच्या टेबलाखाली शिरली आणि मग तिथून रडू ऐकू यायला लागलं. "आईकडून गेला असता तर चाललं असतं," हुंदक्यांमधून आवाज आला. "तुझ्याकडे दिला होता." यावर मी रडावं की हसावं तेच मला कळेना. आत्यांना मात्र ते वर्मी लागलं. त्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसल्या. उगी म्हणाल्या नाहीत, दुसरं काही आणून देते म्हणाल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या, अंगठासुद्धा न हलवता.

बऱ्याच वेळाने टेबलाखालून गुणगुणणं ऐकू आलं. थांबलं. परत सुरू झालं.

"हा मधेमधे मान का डोलावतो?"

"तिथे जागा असते," आत्या म्हणाल्या. "मला थांबता येत नाही. म्हणून जागा आली की मी ते बटण दाबते. त्याने तेच उचललं."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

टेबलाखाली नाक ओढल्याचा आवाज झाला. "म्हणजे हा तुझा आहे."

"हो."

"मग याला ढब्बू नाही म्हणायचं. ढब्बू एकच होता." ती बाहेर आली, गाल ओले, गुडघ्यांना धूळ. नावाची चौकट उघडून तिने एका बोटाने नवं नाव लिहायला घेतलं: टकटक. चुकीचं बोट होतं. आत्यांचा हात सवयीने पुढे गेला. मग त्यांनी तो मागे घेऊन मांडीवर ठेवला.

त्यानंतर काही दिवस दोघींचं बोलणं कामापुरतंच होतं. लेक टकटकला थोपटायची, पण आत्यांच्या खोलीत बसून नाही. आत्या जेवताना तिच्याकडे बघायच्या आणि बोटं टेबलाखाली धरायच्या. घरात एवढी शांतता मला सोसेना. दवाखान्यात दात उपटतानाचे आवाज बरे वाटायला लागले.

मग एका दुपारी लेक आपणहून पुढच्या खोलीत गेली आणि यंत्रावर बसली. आत्यांनी मुकाट्याने कागद घालून दिला. मी दाराआड होतेच. टकटक टकटक, घंटी, पुढची ओळ. आणि एक ठोका चुकला. मलासुद्धा ऐकू आला, म्हणजे बघा. लेक थांबली. तिने कागद ओढून काढायला हात वर नेला.

"राहू दे," आत्या म्हणाल्या.

"चुकलंय."

"ऐकलं मी."

"मग नवा कागद?"

"नको." आत्यांनी रोलरवर हात ठेवला. "ती तुझी उचकी आहे. ती पुसली, तर कागद तुझा आहे हे मला कळायचं कसं?"

लेकीने अंगठ्याने एक मोकळी जागा सोडली आणि पुढच्या शब्दाला लागली. त्या दिवशी तिचा कागद पहिल्यांदा तळाला पोचला.